सही अडली आणि आरडिपेंड्स गळ्यात पडलं: टर्मिनलवर डिपेंडन्सी तपासण्याचा वापरानंतरचा अनुभव

सही होईना, तिथून हे सगळं सुरू झालं. लॅपटॉप डेबियन 12 या लिनक्सवर नेला, बाकी सगळं नीट चाललं; पण डिजिटल सहीचं टोकन लावून पीडीएफवर सही करायला गेलं की प्रमाणपत्रांची यादी रिकामी. टोकन विकणाऱ्यांच्या साइटवर लिनक्ससाठी डेब फाइल ठेवलेली आहे. ती टाकायला गेले तर लिबएसएसएल1.1 ही एन्क्रिप्शन करणाऱ्या ओपनएसएसएलची जुनी लायब्ररी पाहिजे म्हणून अडून बसली. तेव्हापासून डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला दुसरं काय काय लागतं ते, तपासायच्या जेवढ्या कमांड हाताला लागल्या त्या वापरत आलेय, काहींवर खूश आहे, एकीवर प्रचंड वैतागलेय. ॲप्ट म्हणजे काय, डेब म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ते ठाऊक असलेल्यांसाठीच हे लिहितेय.

माझं काम हिशेबाचं. गिरगावात छोटं ऑफिस, आजूबाजूच्या दुकानदारांचे जमाखर्च, रिटर्न्स, आणि माझ्या सहीने जाणारे पीडीएफ. लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना, पण अजून खणखणीत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, ती यात नाही, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे आधीच कळलेलं होतं. चालता लॅपटॉप भंगारात काढून नवा घ्यायचा, हे मला या जन्मी जमणार नाही. ठाण्याहून भाचा आला, डेबियन टाकून दिलं आणि म्हणाला, "मावशी, काही अडलं तर आधी टर्मिनलला विचार, मग मला फोन कर." मी दोन्ही केलं.

टोकनवाल्यांनाही फोन केला. "मॅडम, विंडोज टाका, पाच मिनिटांत होऊन जाईल." म्हटलं, तुमच्याच साइटवर लिनक्स लिहिलंय. "हो मॅडम, पण ते जुन्या व्हर्जनसाठी आहे. रिमोट सेशन घ्या, त्याचे चार्जेस वेगळे." विकताना सगळीकडे चालतं म्हणायचं आणि चालेना झालं की चालवून द्यायचे पैसे मागायचे! सोबतच्या पीडीएफ पुस्तिकेत तर चक्क लिहिलंय की एरर आल्यास डीपीकेजीला (डेब बसवणारी कमांड) फोर्स-ऑल लावा. म्हणजे पॅकेज ओरडून सांगतंय मला अमुक लागतं, आणि यांचा सल्ला असा की त्याचं तोंड दाबा.

दुसरा सल्ला सगळीकडून मिळाला: डेबियन 11 च्या पॅकेजांच्या भांडारातून लिबएसएसएल1.1 उचल आणि टाक. तांत्रिकदृष्ट्या होतं ते. लिबएसएसएल3 आणि 1.1 ही वेगळ्या नावांची पॅकेजेस आहेत, एकाच मशीनवर शेजारी शेजारी नांदतात. पण ओपनएसएसएल 1.1.1 ची देखभाल मूळ प्रकल्पाने 11 सप्टेंबर 2023 ला थांबवली. डेबियन 12 च्या भांडारात ती नाही, म्हणजे हाताने आणून ठेवली तर पुढचं अपडेट बघायचं कुणी? मीच. ज्या मशीनवर कायदेशीर सही करायची तिथे मला हे नको होतं.

म्हणून आधी फाइल न टाकताच वाचली. डीपीकेजीला मोठ्या अक्षरातला आय दिला की डेबमधली माहिती दिसते. छोटा आय दिला की थेट इन्स्टॉल होतं. एका शिफ्ट कीच्या अंतरावर "बघ" आणि "टाक" ठेवणारा माणूस कोण असेल? मी कायम लांबलचक --इन्फो लिहिते, बोटं झिजली तरी चालतील. त्यात डिपेंड्सची ओळ होती: लिबएसएसएल1.1, लिबपीसीएससीलाइट1 (स्मार्टकार्ड आणि टोकनसाठीची लायब्ररी), आणि खिडक्या दाखवायला लागणारं जीटीके वगैरे. ॲप्टला -एस लावून नुसतं नाटकही करून घेता येतं, म्हणजे काय येईल, काय जाईल ते सांगतो आणि मशीनला हात लावत नाही. फक्त फाइलच्या नावापुढे टिंब आणि तिरकी रेघ द्या, नाहीतर तो बिचारा त्या नावाचं पॅकेज भांडारात शोधत बसतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे ज्याने माझं डोकं फिरवलं ते.

माझ्या मशीनवर लिबपीसीएससीलाइट1 आधीच आहे का, आणि असेल तर कुणामुळे आलं, हे मला बघायचं होतं. सगळे सांगतात तशी कमांड दिली: ॲप्ट-कॅश आरडिपेंड्स, म्हणजे उलटं डिपेंड्स, हे पॅकेज कुणाकुणाला लागतं ते. लांबच लांब यादी. नावंही कधी न ऐकलेली. स्मार्टकार्डची हत्यारं, व्हीपीएनचे प्रकार, टीव्हीचे डिकोडर. माझ्या मशीनवर यातलं काहीही नाही! मग कळलं, ही यादी माझ्या मशीनची नाहीच, अख्ख्या भांडाराची आहे. डेबियन 12 मध्ये 64,419 पॅकेजेस आहेत, त्या सगळ्यांना विचारून येतो हा. बरं, --इन्स्टॉल्ड लावलं, यादी आटोक्यात आली. पण तरी पटेना. यादीत एक नाव असं होतं की त्याला या लायब्ररीची गरज असण्याचं कारणच दिसेना. त्या नावाची नोंद उघडली तर तिथे नुसतं सजेस्ट्स. म्हणजे "असलं तर बरं" इतकंच.

मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) वाचलं आणि मग मात्र राग आला. आरडिपेंड्स सगळ्या प्रकारची नाती एकाच रांगेत देतो. डिपेंड्स, प्री-डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स, आणि एवढ्यावर थांबत नाही: कॉन्फ्लिक्ट्स, ब्रेक्स, रिप्लेसेस, एन्हान्सेससुद्धा. म्हणजे ज्या पॅकेजचं या लायब्ररीशी अजिबात जमत नाही, ते शेजारी असलं तर मी येणार नाही असं ज्याने लिहून दिलंय, तेही "रिव्हर्स डिपेंड्स" या मथळ्याखाली येतं. पुढे ना खूण, ना लेबल. एकच नाव दोनदा तीनदा येतं, कारण त्याचे दोन तीन संबंध असतात. कोणता कशासाठी, ते सांगत नाही. एखाद्या नावापुढे उभी रेघ असते, तिचा अर्थ "हे किंवा दुसरं काही", पण दुसरं काय ते त्या यादीत नसतंच. हिशेबाच्या कामात मी असं पान कुणाला दिलं, नुसती नावं आणि पुढे येणं की देणं काहीच नाही, तर पक्षकार दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाईल.

उलट बाजूचं डिपेंड्स बघा. तिथे प्रत्येक ओळीला लेबल आहे. पीसीएससीडी या स्मार्टकार्डच्या सेवेचं काढलं तर रेघेसकट लिबसीसीआयडी (कार्ड-रीडरचा ड्रायव्हर), आणि खाली कोनी कंसात पीसीएससी-आयएफडी-हँडलर, म्हणजे हे आभासी नाव, याची भूमिका करणारी पॅकेजेस खाली आहेत. पहिल्यांदा बघताना चमत्कारिक वाटतं, पण एकदा कळलं की सगळं वाचता येतं. मग उलट्या दिशेलाच लेबल का नाही? ॲप्ट 1999 च्या डेबियन 2.1 बरोबर लोकांच्या हातात आलं. इतक्या वर्षांत कुणालाच ही यादी खटकली नाही? भाच्याशी मी या एका गोष्टीवर इतकं बोललेय की तो आता माझं नाव स्क्रीनवर दिसलं की आधीच म्हणतो, "मावशी, आरडिपेंड्स सोडून काय ते बोल."

तात्पुरता उतारा सापडला: --इम्पॉर्टंट. तो लावला की फक्त डिपेंड्स आणि प्री-डिपेंड्स राहतात. त्याच्या जोडीला --इन्स्टॉल्ड. या दोन शेपट्यांशिवाय आरडिपेंड्स वापरू नका. पाचपैकी दीड गुण, असं माझ्या वहीत मी तेव्हा लिहून ठेवलं होतं.

इथे मत बदलतंय, कारण नंतर असं कळलं की हीच कमांड "कॅश" शब्दाशिवाय दिली, नुसती ॲप्ट आरडिपेंड्स, तर लेबलं येतात! डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स, सगळं ओळीच्या सुरुवातीला, वर कंसात कोणत्या व्हर्जनची अट आहे तेही. इतके दिवस मी शिव्या घालत होते आणि उत्तर एक शब्द कमी टाइप करण्यात होतं. दीडचे साडेतीन केले. ॲप्ट-कॅशमध्येही सेटिंग आहे तसं, -ओ लावून शो-डिपेंडन्सी-टाइप खरं करायचं. पण ते लक्षात ठेवण्यापेक्षा नुसतं ॲप्ट बरं.

कारणही समजण्यासारखं आहे. ॲप्ट-कॅश जुनं, जगभरातल्या स्क्रिप्ट त्याची यादी जशीच्या तशी वाचतात. त्यात मधेच लेबलं घुसवली तर कुणाचं काय मोडेल सांगता येत नाही. नुसती ॲप्ट ही कमांड 2014 मध्ये आली ती माणसांसाठी, आणि तिचं आउटपुट पाइपमधून पुढे पाठवलं की ती स्वतःच इशारा देते, माझं रूप कधीही बदलेल, स्क्रिप्टमध्ये भरवसा ठेवू नका. ठीक. पण मग आरडिपेंड्स शिकवणारा प्रत्येक जण ॲप्ट-कॅशच का शिकवतो? अजूनही शिकवतात. साडेतीनच्या वर मी जाणार नाही.

ॲप्टिट्यूड व्हाय मात्र आवडलं. वेगळं टाकावं लागतं, पण टाका. पॅकेजचं नाव द्या, ते इथे का आहे याची साखळी ओळी ओळींत मिळते, वरचं टोक बहुधा तुम्ही स्वतः मागितलेलं काहीतरी. ओळीच्या सुरुवातीला आय म्हणजे बसवलेलं, आय आणि ए म्हणजे दुसऱ्यासाठी आपोआप आलेलं. मी पहिल्यांदा विचारलं ते मोडेममॅनेजरबद्दल. या लॅपटॉपला सिमची खाच नाही, डोंगल मी वापरत नाही, मग मोडेम सांभाळणारा कोण हा? उत्तर आलं: नेटवर्क-मॅनेजर त्याची शिफारस करतो. रेकमेंड्स. काढला, काही बिघडलं नाही.

एक सावधगिरी. व्हाय एकच साखळी दाखवतं, त्याला सर्वात घट्ट आणि जवळची वाटलेली. बाकीची कारणं हवी असतील तर -व्ही लावा. ती एक कडी तोडली की पॅकेज जाईल असं समजू नका, मागे आणखी दोन हात धरून बसलेले असतात.

या रेकमेंड्सवर माझं वेगळं भांडण आहे, आणि ते पैशाचं आहे. पावसात आमच्या चाळीतलं ब्रॉडबँड दोन थेंबांत झोपतं. मग फोनचा हॉटस्पॉट, आणि त्याला रोजची मर्यादा. अशा दिवशी स्कॅनरसाठी एक चिमुकलं पॅकेज मागितलं आणि ॲप्टने डाउनलोडचा आकडा असा दाखवला की मी एन दाबून बाहेर आले. डेबियन 5.0 पासून, म्हणजे 2009 पासून, ॲप्ट शिफारशीही न विचारता सोबत घेतो. --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स लावलं, आकडा पाव झाला, स्कॅनर चालला. शिवाय ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजेस काढणं) करताना ॲप्ट शिफारस झालेल्यांनाच काय, नुसतं सजेस्ट झालेल्यांनाही राहू देतो. कुणीतरी कधीतरी "असलं तर बरं" म्हटलेलं पॅकेज वर्षानुवर्षं डिस्कवर बसून राहतं. माझी एसएसडी 128 जीबीची आहे. सजेस्ट्समुळे राहिलेल्यांना हुडकून काढायचा छंद मला इथेच लागला. काढण्याआधी दर वेळी -एस, हे सांगायला नकोच. डेस्कटॉपचं एक मेटापॅकेज असतं, आत काहीच नाही, फक्त डिपेंडन्सींची यादी. त्यातला एक नको असलेला प्लेअर काढायला गेलं की मेटापॅकेज जातं आणि ऑटोरिमूव्ह कधीकधी अख्खा डेस्कटॉप उचलायला निघतो. नाटकात ते दिसतं. हवं ते ॲप्ट-मार्क मॅन्युअल करून, म्हणजे मीच मागितलंय अशी खूण करून, ठेवायचं.

फेडोरावाल्यांना डीएनएफ रिपोक्वेरी आहे, व्हॉट-रिक्वायर्सला --इन्स्टॉल्ड लावायचं. आर्चवाल्यांचं पॅकट्री झाडच काढून दाखवतं. मी वापरलेलं नाही, पुढे चला.

सहीचं काय झालं? भाचा म्हणाला, "मावशी, डेबमध्ये लिहिलंय ते सोड, आतली लायब्ररी खरंच काय मागते ते बघ." मला हे लगेच पटलं. डिपेंड्सची ओळ ही पॅकेज बांधणाऱ्याने केलेली वहीतली नोंद, आणि नोंद एक नि गोदामातला माल एक, हे मी रोज बघते. डीपीकेजी-डेबला -एक्स देऊन फाइल न बसवता एका फोल्डरात उघडली. आत दोन चिजा: टोकनचा पिन वगैरे बदलायची खिडकी असलेला प्रोग्रॅम, आणि ब्राउझरने उचलायची पीकेसीएस 11 ची (टोकनशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीची) एसओ फाइल, म्हणजे लायब्ररी.

कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारा एलडीडी लावणार होते. त्याच्या मॅन पेजमध्ये मात्र स्पष्ट लिहिलंय की भरवसा नसलेल्या फाइलवर एलडीडी चालवू नका, काही परिस्थितीत तो ती फाइल खरोखर चालवून बसतो. फोर्स-ऑलचा सल्ला देणाऱ्यांच्या फाइलवर माझा भरवसा किती ते सांगायची गरज नाही. त्याऐवजी ऑब्जडंप -पी आणि त्यातून नीडेडच्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) ओळी ग्रेपने वेचायच्या. बिनयुटिल्स टाकावं लागतं, पण फाइल नुसती वाचली जाते. खिडकीवाल्या प्रोग्रॅममध्ये लिबएसएसएल1.1 होती. एसओ फाइलमध्ये नव्हती! तिला हवं होतं लिबपीसीएससीलाइट, सी++ ची नेहमीची लायब्ररी, आणि लिबसी. संपलं. म्हणजे ज्या फाइलने सही होते तिला जुन्या एसएसएलची गरजच नाही. गरज आहे ती मी कधीही न उघडणाऱ्या खिडकीला. आणि या एका ओळीसाठी मला विंडोज टाकायला सांगत होते, वर चार्जेस.

एसओ फाइल जागेवर ठेवली, फायरफॉक्सच्या सिक्युरिटी डिव्हायसेसमध्ये लोड केली. लिबरऑफिस फायरफॉक्सच्याच प्रोफाइलमधून प्रमाणपत्रं घेतं, त्यामुळे एकदा तिथे दिसलं की काम फत्ते. पण दिसलं नाही. मॉड्यूल आलं, टोकन नाही.

इथे मला या सगळ्या हत्यारांची कुंपणं कळली. डेबच्या ओळीत सगळं होतं ते मी वाचलं, नीडेडमध्ये होतं ते मशीनवर होतं, तरी अडलं. प्रोग्रॅम काय काय उघडतो ते दाखवणारा एस-ट्रेस लावून ओपनएससीच्या पीकेसीएस11-टूलला स्लॉट विचारले, तर शेकडो ओळींत एक रस्ता सापडला: /रन/पीसीएससीडी/ खालचं सॉकेट, आणि पुढे "अशी फाइल नाही". लिबपीसीएससीलाइट स्वतः टोकनशी बोलत नाही, ती पीसीएससीडी नावाच्या सेवेशी बोलते, आणि ती सेवा माझ्याकडे नव्हतीच. ऑब्जडंपला हे कळणार कसं? लायब्ररी जोडलेली असते, सेवा जोडलेली नसते. डीएलओपनने चालता चालता उचललेल्या फाइलींचंही तेच, म्हणून फायरफॉक्सवर एलडीडी चालवून माझं टोकन मॉड्यूल कधीच दिसणार नाही. हे डेब बांधणाऱ्याने डिपेंड्समध्ये लिहायला हवं होतं. नको ते लिहिलं, हवं ते गाळलं. पीसीएससीडी टाकलं, लिबसीसीआयडी त्याच्याबरोबर आली, टोकनचा दिवा लुकलुकला, यादीत माझं नाव.

तरीही एलडीडीला कमी लेखू नका. स्वतःच्या, भांडारातून आलेल्या प्रोग्रॅमवर तो उत्तम, कारण साखळीतल्या सगळ्या पिढ्या एकदम दाखवतो, तर ऑब्जडंप फक्त पहिली. मार्च 2024 मधलं एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या हत्याराचं प्रकरण आठवत असेल. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच (दुरून मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यातून एक्सझेडच्या लिबएलझेडएमए लायब्ररीमधलं मागचं दार उघडकीला आलं. एसएसएचच्या सेवेला, एसएसएचडीला, मुळात ती लायब्ररी नको असते. डेबियनसारख्यांनी सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला खबर द्यायला लिबसिस्टमडी जोडली, आणि तिच्यामागून लिबएलझेडएमए आली. ॲप्ट डिपेंड्सने ओपनएसएसएच-सर्व्हरचं विचारलं तर पहिल्या पायरीवर ती दिसत नाही. माझ्या मशीनवर एसएसएचडीला एलडीडी लावला तर दिसली. डेबियनच्या स्टेबल आवृत्तीत ती बाधित व्हर्जन कधी आली नव्हती, म्हणून शांत झोपले, पण बघून झोपले.

आता डेबियन 13 वर जायचंय. तिथे 2038 नंतरच्या तारखा चालाव्यात म्हणून बऱ्याच लायब्ररींच्या नावामागे टी64 लागलंय, लिबएसएसएल3 चं लिबएसएसएल3टी64 झालंय. 64 बिटच्या मशीनवर नवं पॅकेज जुन्या नावाची भूमिकाही करतं, म्हणून जुन्या डेबचं अडू नये. तरी माझ्याकडच्या बाहेरून आणलेल्या सगळ्या डेबची डिपेंड्सची ओळ मी --इन्फोने काढून एका फाइलीत ठेवली आहे. ऑडिटच्या तारखा उरकल्या, वाय-फाय जागं असलं, की आधी -एस, मग खरं. टोकनवाल्यांनी साइटवर नवी डेब टाकली आहे, परवा उतरवून बघितली. डिपेंड्समध्ये अजून लिबएसएसएल1.1, आणि पीसीएससीडी अजूनही नाही.